बंद पडलेल्या इमो बँडची अप्रकाशित गाणी व्हायनलवर: कोणती आवृत्ती घ्यावी?

कडवट_कॉर्ड
नव्वदीतला इमो (पंक रॉकमधून आलेला, भावनांनी भरलेला प्रकार) बँड, कधीच मोडला. दुसऱ्या अल्बमची अर्धवट राहिलेली गाणी आता रेकॉर्डवर येताहेत. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा 'हा इमो नाहीच' यावर जाईल. तीन पर्याय: ३३ आरपीएमची (मिनिटाला फेऱ्या) काळी सिंगल एलपी म्हणजे एकच रेकॉर्ड, ४५ आरपीएमवर डबल म्हणजे दोन रेकॉर्ड, आणि चित्र छापलेली पिक्चर डिस्क. एकूण ४६ मिनिटं, मूळ ध्वनिमुद्रण फोर-ट्रॅक (चार ट्रॅकच्या साध्या) कॅसेटवर. पैसे सिंगल किंवा पिक्चर डिस्कपुरते आहेत, डबल ओढूनताणून. प्लेअर बदलणार नाही, तो विषय नको.

सुई_सम्राट
प्लेअर कोणता आहे? सगळं त्यावर आहे. सुटकेसवाला असेल तर त्याचं सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) चार-पाच ग्रॅम दाबतं. कार्ट्रिज बदलता येणारा प्लेअर घ्या, त्याला ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई लावा, दोन ग्रॅमला सेट करा. मी आता मायक्रोलिनियर (अतिबारीक टोकाची) सुई घेतली आहे, शेवटच्या गाण्यातला 'स'सुद्धा फाटत नाही.

कडवट_कॉर्ड
प्लेअरचा विषय नको म्हटलं होतं हो.

पोटमाळा
डबल. एका बाजूला २३ मिनिटं म्हणजे खाचा दाटीवाटीने बसवाव्या लागतात, मग आवाज दबका कापतात. शिवाय सुई मध्याकडे जाते तसा एका फेरीतला खाचेचा पल्ला कमी होतो आणि वरचे स्वर चुरगळतात. इमो मंडळींचं शेवटचं गाणं सात मिनिटांचं असतं आणि सगळा आक्रोश तिथेच. ४५ वर हा त्रास बराच कमी.

ब_बाजू
डबलला +१. दर तिसऱ्या गाण्याला उठायची तयारी ठेवा.

धूळधाण
कॅसेटची हिस (सूं-सूं आवाज) ४५ आरपीएमवर ऐकून काय मिळणार? सिंगल घ्या.

पोटमाळा
हिस टेपवरच आहे, तिला इलाज नाही. आतल्या खाचेतली फाटाफूट मात्र तुम्ही वेगळी विकत घेता.

जुना_जाणता
नव्वदीतला म्हणताय, म्हणजे इमो नव्हेच. इमो म्हणजे वॉशिंग्टन, १९८५, राइट्स ऑफ स्प्रिंग हा बँड. त्यांचा १९८४चा डेमो डिसकॉर्ड या रेकॉर्ड कंपनीने २०१२ मध्ये काढला. ती रेकॉर्ड घ्या, हे सोडा.

नाजूक_नोट
आणि अमेरिकन फुटबॉल हा बँड कोण मग? १९९९चा अल्बम आला नि बँड संपला. २०१४ मध्ये अप्रकाशित डेमो जोडून तोच पुन्हा निघाला आणि त्याच वर्षी हे लोक स्टेजवर परत! तुमचाही बँड येईल, तेव्हा सही घेऊन घ्या.

जुना_जाणता
ते मिडवेस्ट (अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेचं). वेगळं प्रकरण.

टेपवाला
अवांतर बास. आधी हे बघा: मूळ कॅसेटवरून नव्याने मास्टर (रेकॉर्डसाठी अंतिम आवाज तयार) केलंय, की इतकी वर्षं फिरणारी एमपी३ तशीच कापलीय? माहितीत टेपचा उल्लेखच नसेल तर कुठलीच घेऊ नका.

सुई_सम्राट
१८० ग्रॅमची आहे का? तीच घ्या.

टेपवाला
१८० ग्रॅमने टपालखर्च वाढतो. खाच तेवढीच खोल.

रिकामा_रॅक
डबल एलपी मागवलीत तर डिस्क कव्हरच्या बाहेर काढून पाठवायला सांगा. माझ्या विक्रेत्याने आत ठेवून पाठवली, वाटेत आपटून कव्हरच्या दोन्ही कडा फाटल्या. वर म्हणतो, 'वाजते ना?'

ब_बाजू
पिक्चर डिस्क मात्र नकोच. छापील कागदावर व्हायनलचा पातळ थर, सतत खरखर.

धूळधाण
पिक्चर डिस्क नको. ती भिंतीवर लावायची वस्तू.

कडवट_कॉर्ड
सर्वांचे आभार. मास्टरिंग टेपवरूनच आहे, विचारून घेतलं. पिक्चर डिस्क मागवली. त्यांच्या जुन्या शोचं फोटोकॉपी केलेलं पत्रक त्यावर छापलंय, बाकी दोन्हींत ते नाही. तिन्हींबरोबर डाउनलोड कोड येतो, ऐकायला फाइल आहेच.

पोटमाळा
मग विचारलंत कशाला?

कडवट_कॉर्ड
डबल नाही घेतली याची रुखरुख लागू नये म्हणून. तुम्ही ती अजून वाढवलीत.

टेपवाला
पिक्चर डिस्क बहुधा पारदर्शक पिशवीत येते. ती पीव्हीसीची असेल तर लगेच बदला, कालांतराने डिस्कवर धुरकट थर चढतो. पॉलिथिनची चालेल.

रिकामा_रॅक
आणि पिशवी उघडताना व्हिडिओ काढा. माझा विक्रेता पुरावा मागत होता.