गेजनंतर ब्रोकाचा 'तान'

नेहमी सांगतात की १८४८ साली फिनिअस गेज या अमेरिकन रेल्वे कामगाराच्या डोक्यातून पहार आरपार गेली नि त्याचा स्वभावच बदलला, तिथूनच मेंदू नि वागण्याचा संबंध कळला. स्वभावापुरता तो दाखला ठीक. पण अमुक काम मेंदूच्या अमुक भागात चालतं हे डॉक्टरांना पटू लागलं ते पॅरिसच्या पॉल ब्रोका या सर्जनमुळे, १८६१ साली. त्याचा रुग्ण फक्त 'तान, तान' म्हणे. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली; म्हणजे बोलण्याचं काम तिथं चालतं.

हर्णैला आमच्या आजोबांची अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूलाच; बोलणं 'होय गो' एवढंच उरलं. पाणी मागता येईना. पण गणपतीत आरती सुरू झाली की शब्दन् शब्द म्हणत! गाण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळतं तर पाणी मागणंही चालीवर शिकवून पाहिलं असतं.