वॉटर ब्लॉकच्या चाचण्या: एका अंशावर कोण जिंकतं?

शंकासूर
प्रोसेसरवर बसवून पाण्याने तो थंड ठेवणारा ठोकळा म्हणजे वॉटर ब्लॉक. त्याची कुठलीही तुलना उघडा, वरच्या चार-पाच जणांत एक-दोन अंशांचं अंतर. तेवढ्यावर लोक दुप्पट पैसे मोजतात. माझ्या मते हे आकडे तेवढा भार पेलत नाहीत. तोच ब्लॉक काढून, मधली उष्णतावाहक पेस्ट पुसून परत बसवा, तेवढा फरक तिथेच पडतो. साध्या के-टाइप थर्मोकपल या तापमान-सेन्सरला २.२ अंशांची चूक तर प्रमाणातच माफ आहे. मग अर्ध्या अंशावर पहिला-दुसरा ठरवणार कसा?

तांबटआळी
असहमत. सेन्सर दोन अंशांनी चुकत असेल तर सगळ्या ब्लॉकना सारखाच चुकतो, वजाबाकीत जातो. हवेचा आणि पाण्याचा सेन्सर आधी एकाच भांड्यात बुडवून जुळवून घ्यायचे. राहिलं बसवणं, तर चार-पाचदा बसवा आणि सरासरीबरोबर सगळे आकडेही छापा. मार्टिन्स लिक्विड लॅबसारख्या हौशी साइटी प्रवाह आणि दाबातली घट यांचे आलेख देत होत्या. कंपनीच्या डब्यावर यातलं काय असतं?

शंकासूर
वजाबाकी त्या एका चिपपुरती. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) पकडीत प्रोसेसर किंचित वाकतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधल्या चिपलेट (आतल्या छोट्या चिपा) मधोमध नसतात. एकीकडचा विजेता दुसरीकडे मागे पडू शकतो. आणि रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत मुद्दाम चढतात! ब्लॉक बदलला की घड्याळगती (प्रोसेसरचा वेग) बदलते, तापमान तिथेच. वॅट बांधून न ठेवता केलेल्या अशा चाचणीतून काय कळणार?

वऱ्हाडी
भांडता ब्लॉकवर, पण पंपाचा हिशेब कोणी मांडत नाही. मिनिटाला एक लिटर पाणी साधारण ७० वॅटला एक अंश तापतं. ३०० वॅट आणि मिनिटाला चार लिटर, म्हणजे पूर्ण लूपमध्ये (पाण्याच्या एका फेरीत) जेमतेम एक अंश. प्रवाह दुप्पट केला तर पाण्यात अर्धा अंश वाचतो. ब्लॉकच्या आत थोडा फायदा होईल, कबूल, पण पंपांच्या क्रमवारीवरून एवढी हाणामारी कशाला?
पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरच्या चाचणीवर मात्र माझा विश्वास आहे. पेस्ट नाही, चिप नाही. वॅट, पंख्याचा वेग आणि पाणी-हवेतला फरक दिला की झालं. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, तिथे नुसतं ‘पाणी ३२ अंश’ वाचून काय करू?

तांबटआळी
+१, पण रेडिएटरवाल्यांनाही सूट नको. उघड्या टेबलावर मोजतात, आपण कॉम्प्युटरच्या डब्यात बसवतो. तिथे ग्राफिक्स कार्डाची गरम हवा रेडिएटरमध्ये शिरते. शिवाय पाणी सावकाश तापतं. पाच मिनिटांत आकडा टिपला तर तो वाटेतलाच.

शंकासूर
म्हणजे शेवटी तुम्हीही चाचण्या गाळूनच वाचता की.

तांबटआळी
गाळतो, फेकत नाही. कितीदा बसवला आणि किती वेळ चालवला हे लिहिलेलं नसेल, तर दोन अंशांखालचा फरक मी बरोबरी धरतो आणि स्वस्त ब्लॉक घेतो. पाच अंशांचा असेल तर तुम्हीसुद्धा महागच घ्याल.