[मंडळ] शनिवारचे पुढचे स्ट्रट: डावीकडचा खालचा बोल्ट निघेना

सुधीर, घोडबंदर रोड — गुरुवार, रात्री ९:४०

मंडळी, शनिवारी माझ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअपचे पुढचे स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप) बदलायचेत, ते काम अडलंय. आज सगळे नट जरा हलवून बघितले. वरचे तिन्ही दोन्हीकडे सुटतात, उजवीकडचा खालचा बोल्टही फिरला. डावीकडे नट निघाला, पण बोल्ट बुशच्या (स्ट्रटच्या खालच्या डोळ्यातल्या रबराच्या) आतल्या नळीला धरून बसलाय. डोकं पान्याने फिरवलं की रबर पिळतं, पाना सोडला की डोकं परत होतं तिथे येतं. नट पुन्हा लावून ठेवलाय.

गॅसची टॉर्च लावू का? सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यावर) ग्राइंडरला कमिटीने नाही म्हटलंय, आणि वेळ सकाळी ८ ते १ एवढीच मिळाली आहे. टॉर्कचे, म्हणजे कोणता नट किती जोराने आवळायचा याचे, आकडे कोणाकडे असतील तर तेही द्या.

— सुधीर

मकरंद, डेट्रॉइट — गुरुवार

सुधीरराव, वरचे तीन नट ४७, खालचा बोल्ट ६१, स्प्रिंग धरून ठेवणारा मधला नट १८.

टॉर्च लावाच. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, सगळे खालचे बोल्ट असेच धरतात. डोक्याकडून तापवायचा, लाल झाला की ठोकायचा.

— मकरंद

शुभांगी, खारघर — शुक्रवार, सकाळी ६:१५

सुधीरदादा, टॉर्च लावू नका. बोल्टपासून दोन बोटांवर रबर आहे, ते पेटतं आणि लवकर विझत नाही. त्याच्या वर शॉकअपची नळी, आत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन. ती तापली तर सील उडतं, कधी नळीच फुटते. शेजारी ब्रेकचा होज आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट. मकरंददादांकडे गाडी लिफ्टवर असते आणि आग विझवायला माणूस शेजारी उभा असतो. पोडियमवर तसं नाही.

डोकं मागे येतंय याचा अर्थ बोल्ट आणि बुशची नळी गंजाने एकजीव झालीत आणि मधे फक्त रबर पिळतंय. कितीही लांब टॉमी (पान्याचा दांडा) लावली तरी फिरवून तो निघणार नाही. त्याला आडवा ढकलायला हवा.

आज सकाळी आणि रात्री गंज सोडवणारं तेल मारा. बोल्टच्या आट्यांवर मारून काही होत नाही. आर्मचा कान (बोल्ट ज्यातून जातो ती पट्टी) आणि बुशची नळी जिथे टेकतात त्या फटीत, दोन्ही बाजूंनी, बारीक नळीने सोडा.

शनिवारी ठोकण्याआधी दोन गोष्टी. नट परत चढवा, पण बोल्टच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच, म्हणजे घाव दोघांवर पडेल आणि टोक फुलणार नाही. दुसरी गोष्ट लोक विसरतात. चाक लटकत असताना शॉकअप पूर्ण ताणलेला असतो आणि खालच्या आर्मचं सगळं वजन त्या बोल्टवर येतं. आर्मखाली जॅक लावून हळूहळू उचला. एका जागी बोल्ट मोकळा होतो, पान्याला ते हाताला कळतं. तिथेच थांबून पितळेचा दांडा लावा आणि दोन किलोच्या हातोड्याने मोजके, जोरदार घाव घाला. पंधरा-वीस घावांत हलला नाही तर थांबा.

मग कापायचा. ग्राइंडर नको, रेसिप्रोकेटिंग सॉ आणि बायमेटल ब्लेड. ठिणग्या जवळपास उडत नाहीत, कमिटीची हरकत राहणार नाही. कान आणि बुश यांच्या फटीत दोन्हीकडून चिरायचं. जुना स्ट्रट भंगारातच जाणार आहे, बुशची दया नको. शॉकअपच्या नळीला मात्र ब्लेड लागू देऊ नका.

— शुभांगी

अण्णा, वाशी — शुक्रवार, सकाळी ७:०५

मकरंद, ६१ काय? न्यूटन मीटर की फूट-पाउंड? आकड्यापुढे एकक लिहिलं नाही तर सुधीर त्याच्या पान्यावर ६१ न्यूटन मीटर लावेल आणि बोल्ट ढिला राहील.

हे फूट-पाउंड आहेत. ६१ म्हणजे ८३ न्यूटन मीटर, ४७ म्हणजे ६४, १८ म्हणजे २५. आपल्याकडच्या जुन्या पान्यांवर किलोग्रॅम-मीटर असतं, त्यावर ८३ म्हणजे साधारण साडेआठ. शिवाय हे आकडे तुझ्या टोयोटा टॅकोमाचे आहेत, २००५ ते २०१५ च्या. सुधीरची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. सुधीर, तुझ्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा घे, दुसऱ्या गाडीचा घेऊ नकोस.

आणि सगळेच स्ट्रट म्हणताय म्हणून सांगतो. वर वेगळा विशबोन (आडवा आर्म) आहे, त्यामुळे हा मॅकफर्सन स्ट्रट नाही, स्प्रिंग घातलेला शॉकअप आहे. नकल, म्हणजे हब धरणारा भाग, त्याच्यावर धरलेली नसते. व्हिडिओत मॅकफर्सनवाल्या गाड्यांचे नकलचे दोन मोठे बोल्ट सोडताना दाखवतात, ते इथे शोधू नकोस.

— अण्णा

वर्षा, लिस्ट — शुक्रवार, सकाळी ८:३०

सर्वांना विनंती, विषयात [गाडी] लिहा. गणेशोत्सवाच्या नोंदणीच्या मेल या धाग्याखाली दबतायत आणि काही जणांनी नोंदणीचं उत्तर इथेच पाठवलंय. चर्चा चालू ठेवा, गरजेची आहे, फक्त विषय बदला.

— वर्षा

मकरंद, डेट्रॉइट — शुक्रवार

अण्णा, एकक राहिलं, माझी चूक. आकडे टॅकोमाचेच आहेत.

शुभांगी, टॉर्चचं पटलं. पण सॉचा ब्लेड त्या फटीत जातो का? नळी कानांना घट्ट टेकलेली असते.

बाकी, सुधीरराव: मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी. घोड्या (जॅक स्टँड) चेसिसच्या रुळाखाली, आणि पेव्हर ब्लॉक असतील तर खाली १८ मिमीची प्लाय. स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) लिंक दोन्ही बाजूंचे सोडा. एकाच बाजूचा सोडला तर दांडा पिळलेला राहतो आणि आर्म हवा तितका खाली येत नाही. एबीएसच्या वायरची क्लिप नकल खाली येण्याआधी काढा. तुमची फोर-व्हील असेल तर नकल बाहेर पडू देऊ नका, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. वरच्या आर्मला दोरीने बांधून ठेवा.

— मकरंद

शुभांगी, खारघर — शुक्रवार, दुपारी १:२०

जातो. नट काढून कान आणि बुशमधे पातळ छिन्नी मारली की मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट पडते, ब्लेडला तेवढी पुरते. तेल सोडत, हळू वेगाने. वेग वाढवला तर दात जळतात, हा बोल्ट कडक असतो.

— शुभांगी

सुधीर, घोडबंदर रोड — शुक्रवार, रात्री ८:१०

तेल दोनदा झालं. उद्या कापावा लागलाच तर बोल्ट हाताशी हवा म्हणून मुंबईच्या नागदेवी बाजारात गेलो होतो. दुकानदार म्हणतो स्टेनलेस स्टीलचा घ्या, पुन्हा गंजणार नाही. घेऊ का? स्प्रिंग जुनीच वापरतोय, वरचा माउंट नवा आहे.

— सुधीर

शुभांगी, खारघर — शुक्रवार, रात्री ९:००

स्टेनलेस नको. त्याचा ग्रेड ए२-७०, म्हणजे ताणशक्ती ७०० मेगापास्कल. मूळ बोल्टच्या डोक्यावर १०.९ असेल तर तो १००० च्या वर. तोच ग्रेड, तीच लांबी, आणि आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजून घ्या. १४ मिमीच्या बोल्टमधे जाड आटा २ मिमीचा आणि बारीक १.५ चा असतो, बाजारात जाडच आधी हातात देतात. शक्य असेल तर अधिकृत पार्ट्सच्या दुकानातून बोल्ट-नटची जोडी घ्या.

तांब्याचं ग्रीस फक्त बोल्टच्या गुळगुळीत भागावर, जो नळीत बसतो. आट्यांना नाही. आटे कोरडे धरूनच टॉर्कचा आकडा दिलेला असतो, ग्रीस लागलं तर तेवढ्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो.

जुनी स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवायची असली तरी मधला नट घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. दोन्ही जुने स्ट्रट काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपला न्या, वागळे इस्टेटमधे मिळेल. नेण्याआधी वरच्या तीन स्टडपैकी बाहेरच्यावर आणि खालच्या डोळ्यावर पांढऱ्या रंगाची खूण करा. जोडणी फिरून बसली तर वर तिन्ही स्टड भोकात जातात आणि खाली बोल्ट तिरका अडकतो.

— शुभांगी

अण्णा, वाशी — शुक्रवार, रात्री ९:३५

शुभांगीने सगळं सांगितलं, एक राहिलं आणि ते सर्वांत महत्त्वाचं. खालचा बोल्ट चाक लटकत असताना शेवटचा आवळायचा नाही. बुशची आतली नळी कानांत घट्ट दाबली जाते, ती फिरत नाही, फिरतं ते रबर. लटकत्या स्थितीत आवळलास तर गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. घोडबंदरच्या खड्ड्यांत ते आधी कुरकुरेल, मग फाटेल.

गाडी उचलायच्या आधी हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मिलिमीटरमधे मोजून लिहून ठेव, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. बोल्ट घालून नट फक्त हाताने बसव. आर्मखाली जॅक लावून माप तेवढं आण, मग टॉर्क. घोडीवरून गाडी उठायला लागली तर थांब आणि चाक लावून जमिनीवर आवळ, या गाडीखाली पाना जातो. नवीन शॉकअपमुळे उंची थोडी बदलेल, ५-१० मिमीचा फरक चालतो.

— अण्णा

सुधीर, घोडबंदर रोड — शनिवार, दुपारी १२:५०

कापावा नाही लागला. आर्म जॅकवर उचलताना एका जागी पाना सैल वाटला, तिथेच अकराव्या घावाला बोल्ट सरकला. बाहेर आला तेव्हा मधल्या भागावर तपकिरी पापुद्रा होता आणि नळीच्या आतही तसाच. मूळ बोल्टचे आटे चांगले होते, तरी नवाच घातला. दोन्ही बाजूंना माप लावून आवळलं. डावीकडे ५१२ होतं, आता ५१८.

अलाइनमेंट सोमवारी. तोवर मूळ बोल्ट कोणाला हवा असेल तर सांगा.

— सुधीर

वर्षा, लिस्ट — शनिवार, संध्याकाळी ४:१५

सुधीरदादा, विषय अजून तोच आहे.

— वर्षा

मकरंद, डेट्रॉइट — शनिवार

अलाइनमेंट करताना टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली) आधी आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) नंतर नको. कॅम्बर आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) खालच्या आर्मच्या बोल्टवर बसतं, ते हललं की टो बिघडतो. टो शेवटी, आणि स्टिअरिंग सरळ लॉक करून. गाडीत जेवढं नेहमीचं वजन असतं तेवढं ठेवूनच घ्या, मागचा हौदा रिकामा करून नको.

— मकरंद