‘उदासीन पालक’ या शब्दाला पर्याय हवा (मुलांवरचं वैद्यकीय संशोधन; लिहिणाऱ्यांच्या नावाच्या जागी त्यांचा चौक किंवा गाव)

पार्क चौक :
मुलांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी पालकांना द्यायची माहितीपत्रकं आणि नोंदवहीचे तक्ते मराठीत करायचं काम माझ्याकडे असतं. सध्याच्या तक्त्यात तीन रकाने आहेत : सहभागी, नकार, उदासीन. तिसऱ्यावर मी अडले आहे. जे आले नाहीत, ज्यांचा फोन लागला नाही, ज्यांच्या दाराला कुलूप होतं, ते सगळे ‘उदासीन’. सोलापुरात ही यादी कुठल्या भागातून भरणार हे सांगायला नको. जुळे सोलापूरमधले पालक गाडी काढून दवाखान्यात पोचतात. पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांची घरं या रकान्यात जाऊन बसतात.

उदासीन म्हणजे मुळात उद् + आसीन, बाजूला बसलेला, कुठलाच पक्ष न घेणारा. म्हणजे आधी निवड समोर असायला हवी, मग तिच्याकडे पाठ फिरवणं आलं. ज्याच्यापर्यंत प्रश्नच नीट पोचला नाही त्याला उदासीन कसं म्हणायचं? दुसरा शब्द सुचवा.

अशोक चौक :
ताई, माझी आई आणि काकू दोघी विड्या वळतात, म्हणून लिहिते. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापाने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी. विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं खराब निघालेल्या बाजूला टाकतात, त्यांचे पैसे जातात. आता हिला कुणी सांगितलं की मंगळवारी सकाळी अकराला पोराला घेऊन या, तर तो सरळ खाडा. रिक्षाचे पैसे वेगळे. ती तोंडावर ‘नको’ म्हणत नाही, ‘जमंना ओ’ म्हणते. ‘जमंना’ आणि ‘नको’ यांत फार फरक आहे. तुमच्या तक्त्यात दोन्हींना वेगळी जागा हवी.

आणखी एक. पत्रकात ‘अभ्यास’ आणि ‘चाचणी’ लिहिता, ते आमच्याकडे शाळेचे शब्द आहेत. ‘तुमच्या मुलाला अभ्यासात घेणार आहोत’ म्हटलं की शिकवणी लावून देतात असं वाटतं. चाचणी म्हणजे घटक चाचणी. याउलट ‘प्रयोग’ म्हटलं की आजी दार लावून घेते, ‘आमच्या पोरावर प्रयोग करतेत का?’ म्हणून. तेव्हा नुसता शब्द टाकू नका, वाक्य लिहा : ‘हे औषध मुलांना किती द्यावं हे अजून नीट कळलेलं नाही, ते शोधतोय.’ आणि कुठल्या मुलाला काय मिळणार हे ‘यादृच्छिक पद्धतीने’ ठरेल, हे तर कुणालाच कळणार नाही. ‘चिठ्ठी टाकून ठरेल’ म्हणा, लगेच कळतं.

माचणूर :
वरच्या ‘चिठ्ठी टाकून’ला माझं पूर्ण अनुमोदन.

मी बालरोग विभागात परिचारिका होते. ‘सहभागी’ हा शब्द आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात माणसांसाठी ‘सब्जेक्ट’ (ज्याच्यावर संशोधन होतं तो) होतं, २००६ मध्ये तिथं ‘पार्टिसिपंट’, म्हणजे सहभागी, आलं. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणाऱ्या जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हाच बदल व्हायला २०२४ उजाडलं. पण शब्द बदलला म्हणून माणूस सहभागी होतोच असं नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणात) आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या बऱ्याच मुली निवासी शाळांतल्या, आणि त्यांच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. प्रकल्प २०१० मध्ये थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या कागदांवर या मुली ‘सहभागी’च होत्या. म्हणून मला असमानतेच्या दोन्ही बाजू दिसतात. कुठे गरिबाला विचारतच नाहीत, तर कुठे न विचारताच घेतात.

तेव्हा ‘संमती’ हा शब्द पालकांसाठी ठेवा आणि मुलासाठी ‘होकार’ वापरा. परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ मध्ये लेखी होकार घ्यायचा असतो. ‘बालसंमती’ असंही सुचवलं जातं, पण त्यात मूल नाही म्हणू शकतं हे ऐकूच येत नाही. ‘होकार’ म्हटलं की ‘नकार’ आपोआप शेजारी येऊन उभा राहतो. आणि पालकांना वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. तो संशोधकांच्या चमूतला नको. पत्रकात त्याची ओळ वेगळी हवी, अंगठ्याच्या जागेत कोंबू नका.

पार्क चौक :
‘होकार’ घेतला. ‘चिठ्ठी टाकून’ही घेतलं.

आता पैशाचा शब्द. मसुद्यात ‘मोबदला’ आहे, एका तज्ज्ञांनी त्यावर ‘आमिष वाटेल’ असा शेरा मारलाय. मला तो पटत नाही. प्रवासाचा खर्च देणं, गेलेल्या वेळेबद्दल काही देणं परिषदेच्या तत्त्वांत बसतं. आमिष म्हणजे एवढी रक्कम की आईला धोका दिसूनही नाही म्हणता येऊ नये. बुडालेली मजुरी आणि रिक्षाचं भाडं ही ‘भरपाई’ झाली. ती दिली नाही, तर येऊ शकतात फक्त ती घरं, ज्यांचा खाडा होत नाही.

हे मनाला एवढं लागण्याचं कारण क्षयरोगाच्या औषधांचं आहे. मुलांचे डोस वर्षानुवर्षं मोठ्यांच्या डोसवरून काढले जात. मुलांच्या रक्तात औषध कमी उतरतं हे मुलांना तपासल्यावर दिसलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसोनियाझिड मुलाच्या वजनाच्या किलोमागे रोज ५ वरून १० मिलिग्रॅम केलं, रिफाम्पिसिन १० वरून १५. ज्या मुलांना तपासलं नाही त्यांच्यासाठी आपण अंदाजच करत असतो. किडकिडीत, कुपोषित पोराच्या अंगात औषध वेगळं वागू शकतं. ते पोर पूर्व भागातल्या ज्या घरात आहे, त्यालाच आपण ‘उदासीन’ लिहून मोकळे होतो.

माझा नवा तक्ता असा : संमती, नकार, जमलं नाही (कारण लिहा), विचारणं झालं नाही. शेवटचा रकाना संशोधकांच्या कामाची नोंद आहे, त्यात पालकांवर काही ढकलता येणार नाही.

माचणूर :
‘विचारणं झालं नाही’च्या पुढे तारीख आणि किती वेळा गेलात तेही येऊ द्या. नाहीतर तोही रकाना एका टिकेत भरला जाईल.

अशोक चौक :
तारखेबरोबर वेळही. आमच्याकडे दुपारी तीननंतर या, तोवर बाया कारखान्यात विड्या देऊन परत आलेल्या असतात. तेलुगू पत्रकाचंही बघा ताई. इथलं तेलुगू मराठी मिसळलेलं आहे, पुस्तकी तेलुगू काकूला जड जातं, आणि बऱ्याच जणींना बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही. मसुदा पाठवा, मी काकूला वाचून दाखवते. ती कुठं थांबवून ‘म्हणजे काय?’ विचारते ते लिहून कळवते.