मदत हवी आहे: डॉ. जेम्स मॅकहेन्री यांच्या वैद्यकीय दिवसांबद्दल

नमस्कार मंडळी. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या डॉ. जेम्स मॅकहेन्रींवर मी लेख लिहितेय. जन्म आयर्लंडमधल्या बॅलिमीनाचा, 1771 मध्ये अमेरिकेत आले आणि फिलाडेल्फियात डॉ. बेंजामिन रश यांच्या हाताखाली वैद्यक शिकले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1776 च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्कचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला ब्रिटिशांनी जिंकला, तेव्हा हे सर्जन म्हणून ब्रिटिशांच्या कैदेत गेले. सुटल्यावर सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांचे सचिव झाले, पुढे मेरीलँड राज्यातर्फे अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही केली.

मला सगळ्यात भिडलं ते हे, की 1787 ला घटनेचं काम ऐन भरात असताना भाऊ आजारी पडला म्हणून ते घरी निघून गेले आणि ऑगस्टमध्ये परतले. घटनेच्या बैठकांच्या त्यांच्या टिपणांत तेवढीच पोकळी आहे.

राजकारणावर भरपूर सापडतं, पण कैदेतल्या आजारी सैनिकांवर त्यांनी कसे उपचार केले, याबद्दलची पत्रं कुठे वाचायला मिळतील? आणि 1796 ते 1800 त्यांच्याकडे अमेरिकेच्या युद्धखात्याचं जे पद (Secretary of War) होतं, त्याला मराठीत 'युद्धमंत्री' म्हणावं की 'युद्धसचिव'? कुणी इतिहासाचे अभ्यासक असाल तर कृपया सांगा.