वहीतल्या भूपात मध्यम आला, म्हणून तो गुप्त निरोप होतो का?

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करणारे)
आजोबांची हाताने लिहिलेली बंदिशींची वही घरात आहे. स्वरलेखन भातखंडे पद्धतीचं (पं. भातखंड्यांनी घालून दिलेली स्वर लिहायची रीत), अक्षर सुबक. एका पानावर ‘भूप’ हे रागाचं नाव लिहिलंय आणि खाली मध्यम (म), निषाद (नी) पुन्हा पुन्हा येतात. भूपात हे दोन्ही वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नसतात, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. १९४२ च्या चळवळीत ते निरोप पोचवायचे असं घरात सगळे सांगतात. माझं ठाम मत आहे की ही सांकेतिक लिपी आहे आणि ती उलगडलीच पाहिजे. हिशोब बघा: १२ स्वर, ३ सप्तकं (खालचं मंद्र, मधलं मध्य, वरचं तार), म्हणजे ३६ चिन्हं. मराठीत क्ष, ज्ञ धरून व्यंजनंही ३६! आणि दुसऱ्या महायुद्धात जोसेफिन बेकर ही गायिका संगीताच्या कागदांवरून फ्रान्ससाठी गुप्त माहिती नेत होती. मग आपल्याकडे असं घडलंच नसेल कशावरून?

खानापूर
बेकरबाईंचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्यांच्या कागदावर माहिती अदृश्य शाईने लिहिलेली असे. स्वरांना काही अर्थ नव्हता, कागद फक्त आडोसा होता. ३६ चा मेळही फसवा आहे. बंदिश बहुतेक मध्य सप्तकात फिरते, म्हणजे तुमची अर्धी व्यंजनं क्वचितच लागणार. काना-मात्रा कुठे जातात? ‘कर’, ‘करा’, ‘कोरी’ सगळं एकच दिसणार. एवढी मोकळीक मिळाली की कुठल्याही पानातून हवा तो निरोप काढता येतो.

निपाणी
इतकं झटकून टाकू नका. आल्बान बेर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराने १९२६ मध्ये पुरी केलेली ‘लिरिक सूट’ घ्या. जर्मन स्वरनामांतली ए, बी, एच, एफ ही अक्षरं त्याने त्यात गुंफली. आपल्या भाषेत ध, कोमल नी, शुद्ध नी, म. म्हणजे आल्बान बेर्ग आणि त्याची गुप्त प्रेयसी हाना फुक्स. जगाला हे कळलं १९७७ मध्ये. पन्नास वर्षं दडून राहू शकतं, तर बेळगावातल्या एका वहीत का नाही?

शहापूर, पेटीवादक
बेर्गचं सिद्ध झालं ते त्याच्या स्वतःच्या हाताच्या खुणा असलेली प्रत सापडली म्हणून. किल्ली बाहेरून मिळाली. नुसत्या स्वरांवरून कुणी तसं म्हटलं असतं तर तो तर्कच राहिला असता. उलट उदाहरण देतो. २०१३ मध्ये जर्मनीत मिटेनवाल्ड गावात एका डच चित्रपटकाराने संचलनाच्या एका धूनेच्या स्वरलिपीवरच्या खुणा वाचून नाझींच्या हिऱ्यांसाठी रस्ता खोदला. हिरे निघाले नाहीत.

अनगोळ
मी कर्नाटक संगीत शिकते. आमच्याकडे रागाच्या नावातच आकडा लपवलेला असतो. कटपयादी म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची पद्धत. तिच्यात ध म्हणजे ९, र म्हणजे २, उलट वाचलं की २९, म्हणून धीरशंकराभरण २९ वा मेळ, म्हणजे मूळ राग. मेचकल्याणीत म ५, च ६, म्हणजे ६५ वा. किल्ली जाहीर आहे, कुणीही लावली तरी उत्तर एकच येतं. आजोबांच्या पानाला ही कसोटी लावा. दोघांना वेगवेगळं बसवा आणि निरोप जुळतो का ते पाहा.

शहापूर, पेटीवादक
त्याच्याही आधीची पायरी राहिलीय. वही भातखंडे पद्धतीचीच, हे कशावरून? विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे, आपल्या या पट्ट्यात त्यांची स्वर लिहायची पद्धतही चालायची. भातखंड्यांत स्वरावर बिंदू म्हणजे तार सप्तक, पलुसकरांत तोच मंद्र. मध्यमावर उभी रेघ भातखंड्यांत तीव्र (चढा) मध्यम, पलुसकरांत तार सप्तकातला मध्यम. इथे चुकलात तर तुमच्या ३६ चिन्हांची अख्खी सारणीच उलटीपालटी होते.
आणि मुख्य म्हणजे गाऊन बघा. अक्षरांमागे धावणारे स्वर रागाचं चलन, म्हणजे त्याची ठरलेली चाल, मोडतात, तीन आवर्तनांत कानाला कळतं. तुमचा मध्यम तीव्र आहे का? तो आणि निषाद फक्त अवरोहात (स्वर उतरताना), मींडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत) येतात का? मग तो शुद्ध कल्याण राग आहे. आरोह (चढतानाचे स्वर) भूपाचाच, म्हणून डोक्यावर भूप लिहिलं गेलं असेल.

टिळकवाडी
गाऊन पाहिलं. बहुतेक ठिकाणी मध्यम तीव्र आणि अवरोहातच आहे, हे मान्य. पण अंतऱ्यात (बंदिशीच्या दुसऱ्या भागात) दोन जागी आरोहात ‘ग म प’ सरळ येतं आणि मध्यमावर रेघ नाही, म्हणजे तो शुद्ध. शुद्ध कल्याणात हे कसं बसवाल? माझा प्रश्न त्या दोन जागांपुरता उभाच आहे.

खानापूर
शाई उडाली असेल. दोन स्वरांत निरोप मावत नाही हो.

निपाणी
निरोप मावत नसेल, पण खूण मावते. पान कुठलं उघडायचं हे सांगायला एक चुकीचा स्वरही पुरतो. त्या दोन ओळींसमोरच्या पानावर काय आहे ते बघितलासा का?

शहापूर, पेटीवादक
आधी त्या दोन ओळींचा फोटो टाका, तिरप्या उजेडात काढलेला. टाकाची रेघ पुसली तरी कागदावर खरवड राहते. रेघ होती की नव्हती ते ठरू दे, मग समोरचं पान.