अनुभव धागा : "काहीतरी चावलं... कोळी असेल"

परवा माळा आवरायला काढला होता. जुन्या गोणपाटाच्या घडीत हात घातला आणि उजव्या अनामिकेला सुई टोचल्यासारखं झालं, झटकलं तर एक तपकिरी लांब पायांचा कोळी भिंतीवरून पळाला. साबणाने धुतलं, म्हटलं झालं. पण अर्ध्या तासात बोट टम्म फुगलं आणि अंगठी रुतायला लागली, तेल झालं साबण झाला, निघेचना. शेवटी सासूबाईंनी शिवणाचा दोरा आणला, एक टोक अंगठीखालून मागे ओढून घेतलं, उरलेला दोरा अंगठीच्या पुढे बोटाला घट्ट गुंडाळला आणि मग ते मागचं टोक धरून उलगडत गेल्या, तशी अंगठी पेरावरून सरकत बाहेर! मग फडक्यात बर्फ, हात उशीवर, एक पॅरासिटामॉल. दुसऱ्या दिवशी सूज निम्मी. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवेना म्हणून तेवढं घेऊन आले.

पण तोवर फोनवर सहा जणांनी सहा उपाय सांगितले. चुना, हळद, तुळशीची माती, एकाने तर ब्लेडने चीर द्यायला सांगितली. म्हणून हा धागा. तुम्हाला खरंच कोळी चावलाय का? दवाखान्यात कधी गेलात, कशावरून ठरवलंत? ऐकीव नको, आपापलं सांगा.

ट्यूबलाइटखालचा
रत्नागिरीला हॉस्टेलला होतो, पावसाळा. सकाळी उठलो तर मानेवर चटका बसल्यासारखा लाल पट्टा, वर बारीक पाणीदार फोड. मेसच्या मावशी बघून म्हणाल्या, कोळी मुतला तुझ्या अंगावर. आठवड्यात अख्ख्या मजल्यावरचे कोळी केरसुणीने मारले आम्ही, तरी रोज एकाला नवा पट्टा. स्किनवाल्या डॉक्टरांना दाखवलं तर ते हसलेच. कोळी नाहीच, लाल-काळा मुंगीएवढा एक किडा असतो, ट्यूबलाइटला येतो, तो चावत पण नाही, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पाणी भाजतं. त्याला पेडेरस म्हणतात. एकाच्या कोपराच्या वळणावर तर समोरासमोर दोन सारखे डाग उठले होते, हात दुमडला की ठसा उमटतो तसे. तेव्हापासून अंगावर किडा बसला की फुंकर मारतो, चिरडत नाही. कोळ्यांची माफी मागायची राहिली.

सिडनीकर
आमच्याकडे कोळी हा विनोदाचा विषय नाही ब्वा. बार्बेक्यूचं कव्हर काढताना बायकोच्या मनगटाला चावला, काळा, पाठीवर लाल पट्टा, म्हणजे रेडबॅक. आधी नुसतं चुरचुरलं. तासाभराने दुखणं खांद्यापर्यंत चढलं आणि गंमत म्हणजे फक्त चावलेल्या जागेलाच घाम, बाकी हात कोरडा. मी घाईत क्रेप बँडेज काढलं तर हेल्पलाइनवरची बाई म्हणाली बांधू नका, रेडबॅकला दाबून बांधलं की दुखणं वाढतं, नुसता बर्फ लावा. दुखणं थांबेना म्हणून इमर्जन्सीत गेलो, रात्रभर पेनकिलर, सकाळी घरी. बँडेज लागतं ते फनेलवेबला. तिथे बोटांपासून वरपर्यंत घट्ट बांधायचं, हात अजिबात हलवायचा नाही आणि थेट 000, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर. त्याच्या विषावरचा उतारा (अँटिव्हेनम) 1981 ला आला, त्यानंतर त्याने कोणी गेलेलं नाही. म्हणजे एकाच गावात दोन कोळी आणि दोन उलटे नियम.

भंडाऱ्याचा भाचा
आमच्या मामांची गोष्ट. धानाच्या बांधीतून आले, चार-पाच दिवस ताप, डोकं फुटतंय, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. मामीला आंघोळीच्या वेळी कमरेवर, नाडा बांधतो तिथेच, सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली. मामा म्हणे कोळी चावला असन, दुखत तर नाही. खरंच दुखत नव्हती, म्हणून त्यांनी डॉक्टरला सांगितलीच नव्हती! मामीनं दाखवली तेव्हा डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. स्क्रब टायफस. गवतातल्या चिगर नावाच्या बारक्या किड्यापासून होते. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. 2018 ला नागपूरकडे याची साथ आली होती, माणसं गेली होती. ताप अन् काळी खपली एकत्र दिसली तर बाप्पा कोळ्यावर ढकलू नका, कपडे काढून पूर्ण अंग दाखवा.

माणगावची
वाचून अंगावर काटा आला. माझ्या भाच्याला, वय 6, लाकडाच्या ढिगाजवळ काहीतरी डसलं. अंधार होता, आजी म्हणाली कोळी असेल, कांदा चोळला. पंधरा-वीस मिनिटांत पोरगं घामाने चिंब, तोंडाला लाळ, उलटी, आणि हातपाय बर्फासारखे गार. दादाने कांदा भिरकावला आणि बाईक काढली. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी हातपाय चाचपूनच सांगितलं, लाल विंचू. प्राझोसिनची गोळी दिली, रात्रभर छातीला मॉनिटर. ही ब्लडप्रेशरची साधी गोळी विंचवावर वापरायची हे आमच्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, त्याआधी कोकणात अशी कितीतरी पोरं हृदयावर ताण येऊन जायची. 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना तेव्हा दादाने आळीत पेढे वाटले.

चुनेवाला
आमच्याकडे चुनाच लावतात, काही होत नाही.

पीएचसीतली सिस्टर
@चुनेवाला, कारण बहुतेक कोळी चावून काही होतच नाही, चुना लावा नाहीतर चहा लावा. आमच्याकडे येणारे अर्धेअधिक 'कोळी चावले' हे गळू नाहीतर नागीण निघते. नागीण एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, आधी दुखतं मग फोड, आणि तिच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. माझ्या वडिलांना शुगर आहे, त्यांच्या पोटरीवर 'कोळी' चावला तेव्हा मी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली आणि वेळ लिहिली. सकाळी लाली रेघेच्या दोन बोटं पुढे, अंगात कणकण. त्याच दिवशी अॅडमिट, पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. ओठ-जीभ सुजली, दम लागला, पोटात पेटके आले, लघवी गडद झाली तर मात्र रेघ मारत बसू नका, 108 लावा. आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे काहीतरी चावलं, खूण दिसत नाही पण पोटात दुखतंय नि पापण्या मिटायला लागल्यात, तर तो कोळी नाही, मण्यार आहे. कोकणात कांडर म्हणतात ती. तिथे एक मिनिटही घरी घालवू नका. कोळी पकडून बाटलीत आणू नका हो, लांबून फोटो पुरे. मागे एकाने जिवंत आणला, तो केसपेपरच्या खिडकीत सुटला.

धागाकर्ती
सिस्टर, रेघेची आयडिया वाचून लगेच बोटाभोवती पेन फिरवलं. लाली आतच आहे. माळा अर्धाच झालाय, उरलेला नवऱ्याच्या नावावर, रबरी हातमोजे आणलेत त्याला.